काठावरची व्हिस्की

कंपनी झाकणं बनवायची. बाटल्या नव्हेत, नुसती झाकणं. औषधाच्या बाटलीची, तेलाच्या बाटलीची, शाम्पूची, फिनेलची. आत काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असं थोरले साहेब म्हणायचे, आणि हे त्यांचं जसं धंद्याबद्दलचं मत होतं तसंच घराबद्दलचंही. ते वारले तेव्हा मागे पाच मजली इमारत, दोन कारखाने, एक मुलगी, एक मुलगा आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचा बार एवढं राहिलं. खुर्ची मुलीला मिळाली. मुलाला निदान बारची किल्ली मिळाली असती तरी त्याने वडिलांना माफ केलं असतं. पण तीही वैद्यबुवाकडे राहिली.

वैद्यबुवा म्हणजे बारटेंडर. पगाराच्या पावतीवर त्याचा हुद्दा ‘आतिथ्य साहाय्यक’ असा छापलेला असे, कारण बारटेंडर हा शब्द वाचला की हिशेब तपासनिसांना तहान लागायची. काढा मोजावा तसा तो पेग मोजतो म्हणून कुणीतरी त्याला वैद्यबुवा म्हटलं, आणि नावं अशीच ठेवली जातात तसं ते राहिलं. वय चाळिशीच्या पलीकडचं, लग्न झालेलं नाही, केस दिवसा बरे दिसणारे. राहायला मोठ्या बहिणीकडे.

थोरल्या साहेबांकडे धंद्याचा एकच मंत्र होता आणि तो त्यांनी दोघांनाच दिला होता, मुलीला आणि वैद्याला. पाहुण्याच्या पेल्यात व्हिस्की, आपल्या पेल्यात चहा. पाहुणा सैलावतो, आपण सैलावल्यासारखं करायचं, आणि भाव ठरायची वेळ येते तेव्हा टेबलावर एकच डोकं ठिकाणावर असतं. मुलाला हे सांगितलं नव्हतं. “त्याला चहासुद्धा चढेल,” असं बापाचं मत होतं. काकांना, म्हणजे थोरल्या साहेबांच्या धाकट्या भावाला, हे सांगणं तर शक्यच नव्हतं. काकांनी आपल्याकडे आलेलं अध्यक्षपद पुतणीच्या नावे करून दिलं ते याच बारमध्ये, तिच्या पेल्याला पेला भिडवून, “पोरगी माझ्या बरोबरीने पिते, हिच्याच हातात कंपनी शोभेल,” असं डोळ्यांत पाणी आणून सांगत. पुतणी त्या वेळी चौथा पेला चहा पीत होती आणि तिला फक्त झोप लागणार नव्हती.

तर या मॅडम. पंचेचाळिशीच्या, बोलायला मोजक्या. लग्न एकदा झालं होतं. “चांगलं होतं तसं,” त्या सांगायच्या, “आमच्या दोघांच्या वकिलांचं फार जमायचं.” दारूला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता, आणि सगळ्या व्यापारी जगात त्यांची ख्याती मात्र अशी की बाई पिते ती पिते, पण पाय वाकडा पडत नाही.

ही ख्याती वैद्याने घडवली होती. व्हिस्कीसारखा दिसणारा चहा करणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पत्ती उकळायची नाही, नुसती भिजत ठेवायची. गार करायला फ्रिजमध्ये ठेवली की चहा गढूळतो, म्हणून सकाळीच करून बाहेर निवू द्यायचा. मलमलीच्या फडक्यातून गाळायचा. व्हिस्कीचे ओघळ जसे काचेवरून सावकाश उतरतात तसे उतरावेत म्हणून त्यात चमचाभर साखरेचा पाक. आणि सगळ्यात शेवटी खरी व्हिस्की बोटावर घेऊन पेल्याच्या काठावरून फिरवायची, म्हणजे शेजारी बसलेल्या नाकाला शंका येत नाही. ओठ टेकतील तेवढी जागा मात्र कोरडी सोडायची. मॅडमना वास चालायचा, चव नाही.

संध्याकाळी पाहुणे असले की दुपारी मॅडम रंग पाहायला वर यायच्या. ती वेळ ऑफिसात चहाची. खालच्या चारही मजल्यांवर ट्रे फिरत असायचे, माणसं बशीत बिस्किटं मोडत असायची.

“कपात बघितला तर नाही का चालणार?” मॅडमनी सुरुवातीला विचारलं होतं.

“कपात चहा चहासारखाच दिसतो, मॅडम. याच पेल्यात, याच दिव्याखाली, काठाला लावून. तालीम म्हणजे तालीम.”

हे वाक्य त्या वेळी वैद्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. माणसाला आपली जी वाक्यं आवडतात ती पुढे नडतात. पण तो वैद्य होता, ज्योतिषी काही नव्हता.

रंग पाहायला किती वेळ लागतो? बघितला, झाला. पण मॅडम काउंटरपाशी उंच स्टुलावर टेकू लागल्या. वैद्य त्यांना आदल्या पाहुण्यांच्या नकला करून दाखवायचा. एक औषध कंपनीवाले तिसऱ्या पेगनंतर स्वतःच्या आईबद्दल बोलायचे आणि चौथ्यानंतर तिच्याशीच. एक तेलवाले सही करण्याआधी पेन हुंगायचे. मॅडम हसायच्या. खाली त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. खाली त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं तरी दोन माणसं रजा रद्द करायची. मग एकदा त्या पाहुणे नसतानाही वर आल्या. वैद्याने चहा केला नव्हता.

“आज तालीम नाही ना, मॅडम.”

“रोजचा सराव असावा,” मॅडम म्हणाल्या. “गवई काय फक्त मैफलीच्या दिवशी गातात?”

तेव्हापासून सराव रोजचा झाला. त्यात काय बोलणं व्हायचं ते इथे सांगण्यासारखं नाही, म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिने विचारायचं, तुझ्या बहिणीचं गुडघ्याचं कसं आहे. त्याने सांगायचं, गुडघा बरा आहे, बहीण तशीच आहे. ती कधी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली ते त्याला नेमकं आठवतं. तो मात्र ‘तू’ म्हणू शकला नाही, ‘मॅडम’ म्हणवेना, म्हणून “बसणं होणार आहे का?”, “चहा घ्यायचा ना?” अशी कुणालाच हाक न मारणारी वाक्यं करत राहिला. सरकारी नोटिशीत असतात तशी.

आणि मग एके दुपारी असं झालं, की त्याने नेहमीप्रमाणे काठावरून बोट फिरवलं, कोरडी जागा तिच्याकडे करून पेला पुढे ठेवला, आणि तिने तो उचलून शांतपणे उलट बाजूला वळवला. जिथून बोट गेलं होतं तिथे ओठ लावले. तोंड जरासं वाकडं झालं. दारूच ती. पण तिने तसाच सगळा पेला संपवला, आणि खाली जाताना लिफ्टपाशी थांबून म्हणाली, “उद्यापासून जागा सोडू नकोस.”

वैद्याने आयुष्यात हजारो पेले भरले होते. तो पेला त्याने त्या दिवशी धुतला नाही. दुसऱ्या दिवशी धुतला, कारण शेवटी तो व्यावसायिक माणूस होता.

*

बहिणीला सांगायला नको होतं. पण ती एका दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची आणि बंद तोंडं उघडायची तिला सवय होती.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत,” ती म्हणाली. “तू तर दुसऱ्याच्या पलंगाकडे बघून पाय मोजायला लागलास.”

“ताई, तू समजतेस तसं काही नाही.”

“मग कसं आहे? हात धरलाय का?”

“नाही.”

“मग काय केलंय?”

वैद्याला पेल्याच्या काठाचं सांगता येईना. ते मोठ्याने सांगितलं की वेडेपणाच वाटला असता. “ती वर येते,” तो म्हणाला.

“लिफ्ट आहे म्हणून येते. जिने असते तर कळलं असतं.” ताईने गुडघ्याला मलम चोळत त्याच्याकडे पाहिलं, आणि आवाज जरा उतरवला. “हे बघ, मी काही तुझ्या सुखाच्या आड येत नाही. या वयात कुणी मिळालं तर मी नारळ फोडीन, स्वतः दार धुऊन पुसून उघडीन. पण तिला एकदा चारचौघांत बोलू दे. तिच्या माणसांत. कानाशी काय, डासही गुणगुणतो.”

हे वैद्याच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी त्याने ते आडून आडून विचारलं, म्हणजे फडक्याने एकच जागा फार वेळ पुसत विचारलं. चारचौघांत कधी होईल का.

मॅडमनी पेला काउंटरवर ठेवला. मग म्हणाल्या, “कंपनीचा वर्धापनदिन येतोय. वर जेवण असतं, घरचे सगळे असतात. काका, भाऊ, वहिनी. तेव्हा सांगते.”

“काय सांगणार?”

“हेच, की मी इथे चहा प्यायला येत नाही.”

वैद्याने त्या पगारात एक कोट शिवून घेतला. राखाडी. कंपनीचं जाकीट घालून त्या दिवशी उभं राहायचं नाही एवढंच त्याने ठरवलं होतं. कोट घालून नक्की कुठे उभं राहायचं, काउंटरच्या आत की बाहेर, याचा विचार त्याने पुढे ढकलला. ताईने कोट पाहिला, बाह्या ओढून बघितल्या आणि “खांद्यात बसतोय” एवढंच म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे आशीर्वादच.

पण वर्धापनदिनाच्या आधीच गोष्टींना पाय फुटले. दुपारी वरून खाली आलेल्या मॅडमच्या तोंडाला व्हिस्कीचा वास येतो, हे आधी सेक्रेटरीबाईंना कळलं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही, फक्त मैत्रिणीला सांगितलं. मग बँकेचे एक अधिकारी मॅडमना भेटून बाहेर पडताना म्हणाले की बडीशेपेची गोळी बाळगलेली बरी. मग वहिनी लिफ्टमध्ये नणंदेबरोबर तीन मजले वर गेल्या आणि उतरल्या त्या नवऱ्याच्या केबिनमध्ये. नवरा त्या वेळी स्वतः थोडी लावून बसला होता, तरी त्याला धक्का बसला. संध्याकाळची दारू ही त्याच्या घराण्यात रीत होती; दुपारची दारू हे व्यसन होतं. आणि व्यसनी माणसाच्या हातात कंपनी कशी ठेवायची, हा विचार त्याला इतक्या चटकन सुचला की जणू तो बरीच वर्षं दारातच चपला काढून उभा होता.

वैद्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त निरोप आला: उद्या सकाळी घरची मंडळी वर बसणार आहेत, तुम्हीही हजर राहा.

“वर्धापनदिन तर पुढच्या आठवड्यात आहे,” ताई म्हणाली.

“आधीच सांगायचं ठरवलं असेल तिने.”

 ताईने इस्त्री गरम करायला ठेवली.

*

सकाळी बार फार वाईट दिसतो. उन्हात बाटल्यांवरची धूळ दिसते आणि खुर्च्यांवरचे डाग दिसतात. मधल्या मोठ्या टेबलाभोवती काका, भाऊ आणि वहिनी बसले होते. मॅडम एकट्या टेबलाच्या या बाजूला. वैद्य राखाडी कोटात काउंटरच्या आत जाऊन उभा राहिला, मग बाहेर आला, मग पुन्हा आत गेला.

“वैद्यबुवा, आज लग्नाला निघालात की काय?” काकांनी विचारलं.

“नाही, साहेब,” वैद्य म्हणाला. मॅडमनी कोटाकडे पाहिलं, आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी चुकलंय. ज्या नजरेने माणूस बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतो, तशी ती नजर होती.

भावाने घसा साफ केला. “ताई, आपण घरचीच माणसं आहोत. रागावू नकोस. रोज दुपारी तू वर येतेस.”

“येते.”

“सेक्रेटरीला आत घेत नाहीस. पाहुणे नसतात. मीटिंग नसते.”

“नसते.”

“मग कशासाठी येतेस?”

आता तिने सांगायचं होतं. वैद्याने दोन्ही हात काउंटरवर सपाट ठेवले. मागच्या फळीवर मॅडमची बाटली होती, काळ्या लेबलची, सकाळीच चहाने भरलेली. मॅडमकडे तीन उत्तरं होती आणि तिन्ही त्या एका खोलीत मावत नव्हती. चहा प्यायला येते, असं म्हटलं तर काका विचारणार की किती वर्षांपासून चहा, आणि मग त्यांना कळणार की आपण अध्यक्षपद सोडलं त्या रात्री समोर कोण शुद्धीत होतं. आणि काकांना कळलं की सगळ्या गिऱ्हाइकांना कळणार. दुसरं उत्तर राखाडी कोट घालून उभं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं हे नक्की, वैद्य ते शपथेवर सांगेल. चांगलं क्षणभर पाहिलं.

मग ती टेबलाकडे वळली आणि म्हणाली, “प्यायला.”

“काय?”

“व्हिस्की.”

खोलीतला ताण असा काही उतरला की विचारू नका. काका खुर्चीत मागे रेलले. भावाचे खांदे सैल झाले. वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला आणि उठून नणंदेला मिठी मारली. इतक्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना फक्त दागिने बघायला जवळ घेतलं होतं.

“अगं मग एवढंच ना,” काका मायेने म्हणाले. “मला वाटलं, काय भानगड आहे की काय. तुझे आजोबा प्यायचे, मी पितो, हा पितो. रक्तातच आहे. यात लाज कसली? वेळेवर कबूल केलंस, तिथेच निम्मी बरी झालीस.” मग त्यांना कर्तव्याची आठवण झाली. “काय हो वैद्यबुवा? खरं का हे?”

मागची बाटली उघडून नाकाशी धरली असती की झालं असतं. एका हाताचं अंतर होतं. वैद्याने मॅडमकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्याला खरं सांगावंसं वाटलं असतं, आणि खरं सांगून तिच्या तोंडून जे निघालं नव्हतं ते काही निघणार नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडचं सत्य आपण वदवून घेतलं की ते कबुलीजबाब होतं, प्रेम होत नाही.

“खरं आहे, साहेब.”

“किती घेते?”

“दोन.”

“दोनच?” काकांचा चेहरा पडला. घराण्याची पत गेल्यासारखा.

“मोठे, साहेब,” वैद्य म्हणाला.

काकांना बरं वाटलं.

ठरलं ते असं: मॅडमनी तीन महिने डोंगरावरच्या एका उपचार केंद्रात जायचं, जिथे चांगल्या घरची माणसं वाईट सवयी सोडायला जातात आणि खिडकीतून दरी दिसते. तोवर भाऊ कारभार बघेल. बऱ्या होऊन आल्या की खुर्ची परत.

निघण्याआधी त्या आतल्या लहान खोलीत आल्या, जिथे पेले धुवायची मोरी होती. वैद्य कोट काढून पेले विसळत होता. धुतलेलेच पुन्हा विसळत होता.

“बोल काहीतरी,” ती म्हणाली.

“काय बोलायचं?”

“रागाव.”

“राग नाही.” त्याने नळ बंद केला. “दारुडी म्हणवून घेणं एवढं सोपं होतं का?”

“हो,” ती म्हणाली. “दारुडीला ते परत घेतात. तीन महिन्यांत, समारंभाने. दारू सुटते रे. तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे कधी सुटणार. मी काय सांगणार होते?”

हे इतकं खरं होतं की त्यावर रागावताही येईना. वैद्याला वाटलं, ही गोष्ट जर तिने खोटेपणाने केली असती तर तो तिला सोडू शकला असता.

“परत आले की बघू,” ती म्हणाली.

“बघू,” तो म्हणाला. झाकणाच्या कारखान्यातली माणसं. दोघांनी मिळून ते घट्ट लावलं.

घरी ताईने दार उघडलं, त्याच्या हातावरचा कोट पाहिला आणि पानं वाढायला घेतली. जेवताना एवढंच म्हणाली, “कोट चांगला आहे. कुणाच्याही लग्नात चालेल.”

*

मॅडमच्या बातम्या ड्रायव्हरकडून कळायच्या. तो दर पंधरवड्याला कपडे पोचवायला वर डोंगरावर जायचा. तब्येत छान आहे, पहाटे फिरतात, चित्रं काढायला शिकल्या. तिथे दारूची तलफ मारायला दिवसभर चहा देतात.

“सगळे पितात पिंपच्या पिंप,” ड्रायव्हर म्हणाला. “पण आपल्या मॅडम नाही. चहा म्हटलं की तोंड फिरवतात. कप समोर आला की उठून जातात. डॉक्टर म्हणे, असा पेशंट बघितला नाही, दारूचं नाव काढलं तरी ढिम्म, आणि चहा बघून रडते.”

वैद्याने त्या दिवशी ड्रायव्हरला बिनपैशाचा एक मोठा पेग दिला. ड्रायव्हरला वाटलं, बातमी चांगली होती.

मॅडम बऱ्या होऊन आल्या. आणि अशा बऱ्या झाल्या की पूर्वी नुसत्या मालकीण होत्या त्या आता थोर झाल्या. फाटकापासून लिफ्टपर्यंत कामगार टाळ्या वाजवत उभे. ज्या गिऱ्हाइकांबरोबर त्या वर्षानुवर्षं पीत होत्या ते आपणहून भेटायला आले, हात हातात घेऊन म्हणाले, मॅडम, तुमच्याकडून शिकलं पाहिजे. आता त्यांना पाहुण्यांबरोबर चहा प्यायची गरज उरली नाही. त्या उघड लिंबूपाणी घ्यायच्या, समोरचा शरमून तीन पेग जास्त घ्यायचा, आणि कंपनीला भाव पहिल्यापेक्षा चांगला मिळायचा. हे सौदे आता बाहेर हॉटेलात व्हायचे. डॉक्टरांनी सक्त बजावलं होतं, त्या मजल्यावर पाऊल नको. लिफ्टमधल्या पाचव्या बटणावर भावाने चिकटपट्टी लावून घेतली होती. वैद्य आणि त्याची गिऱ्हाइकं, म्हणजे काका आणि भाऊ, जिन्याने यायचे.

पहिले काही दिवस वैद्याने दुपारी चहा केला. भिजवला, निववला, गाळला. मग एक दिवस जाकिटाची बटणं लावून तो स्वतःच खाली मॅडमच्या मजल्यावर गेला. सेक्रेटरीबाईंनी त्याला केबिनच्या दाराआधीच अडवलं. वाईट बाई नव्हत्या त्या.

“वैद्यबुवा, नका ना,” त्या हळूच म्हणाल्या. “आत्ता कुठे सावरल्यात. तुम्हाला बघून आठवण येईल त्यांना.”

“कशाची?”

“कशाची म्हणजे? दारूची.”

काचेच्या भिंतीपलीकडे मॅडम कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. त्यांनी मान वर केली. बाहेर चार टेबलांवरची माणसं श्वास रोखून बघायला लागली, की बारवाला समोर आल्यावर बाईंचं काय होतं. मॅडमनी मान खाली घातली. चार टेबलांवर कौतुकाचा एक उसासा फिरला. वैद्य जिन्याने वर गेला.

पुढच्या वर्धापनदिनाला जेवण कुठे ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. थोरल्या साहेबांच्या वेळेपासून ते वरच व्हायचं. शेवटी डॉक्टरांची परवानगी काढली. बाटल्या पांढऱ्या चादरीने झाकाव्यात, पिणाऱ्यांनी रंगीत पेल्यातून प्यावं, आणि रुग्णाची पाठ काउंटरकडे असावी, एवढ्या अटींवर ती मिळाली. “आणि वैद्यबुवाला सुट्टी देऊ का?” भावाने विचारलं. काका म्हणाले, “मग आम्हाला कोण देणार?”

तर वैद्य होता. मागे चादर, चादरीखाली बाटल्यांचे उंचवटे, पुढे तो. त्या पांढऱ्यात तो जाकीट घालून असा उभा होता की चादर पुरली नाही म्हणून तेवढाच उघडा राहिला असावा. मॅडम आल्या. वहिनींनी त्यांच्या दंडाला धरलं होतं. त्या दारातून टेबलापर्यंत जमिनीकडे बघत चालत गेल्या, आणि सगळ्यांनी एकमेकांना नजरेने सांगितलं, बघितलंत, एकदाही मान वळवली नाही. निग्रह म्हणतात तो हा.

वैद्याने तिची पाठ पाहिली. केस जरा पिकले होते. रंगवत नव्हती. ते तिला शोभत होतं.

“वैद्यबुवा, मॅडमना लिंबूपाणी,” वाढणाऱ्याने येऊन सांगितलं.

त्याने जुनाच पेला काढला. लिंबू पिळलं, पाणी घातलं, साखर विरघळेपर्यंत ढवळलं. मग आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून त्याने आपलं कोरडं, स्वच्छ बोट काठावर ठेवलं आणि सावकाश पुरा एक वेढा फिरवलं. कुठेही जागा न सोडता. पेला ट्रेमध्ये ठेवून दिला.

वाढणारा तो घेऊन टेबलाशी गेला. पेला समोर यायच्या आधीच मॅडमचा हात पुढे झाला. वैद्याला ते काउंटरपासून दिसलं. तिला कळलं होतं. पेला ओळखू आला होता, किंवा कदाचित काही न बघताच कळलं होतं. तिची बोटं हवेत तशीच थांबली.

“थांबा हं ताई,” वहिनी प्रेमाने म्हणाल्या. हल्ली नणंदेचा प्रत्येक पेला त्या आधी तपासायच्या. डॉक्टरांनी घरच्यांवर सोपवलेली ती जबाबदारी होती. त्यांनी पेला नाकाशी नेला, हुंगला, समाधानाने मान हलवली. मग उजेडात धरल्यावर त्यांना काठावर बोटाचा ठसा दिसला.

“ही माणसं ना,” त्या पुटपुटल्या, आणि रुमाल काढून काठ आतून-बाहेरून, गोल फिरवून, लखलखीत पुसून काढला. मग पेला नणंदेच्या हातात दिला. “घ्या आता. अगदी स्वच्छ आहे.”

मॅडमनी पेला घेतला. घोटभर प्याल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्या दिवशी कंपनीला आणखी एक वर्ष पुरं झालं होतं आणि कशासाठी तरी टाळ्या वाजवायच्याच होत्या.

“वैद्यबुवा,” टाळ्या थांबल्यावर काकांनी रंगीत पेला उंचावून हाक मारली. “मोठा भरा.”

वैद्याने चादरीखाली हात घातला आणि न बघता बरोबर बाटली काढली.